मँगेनीजचे धन आणि तुमसरचा हक्क



बपेरा ज्या तुमसर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग या मँगेनीजच्या खाणी आहेत. प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ भूगर्भातील उष्णता व दाब यांनी रूपांतरित झाला आणि नागपूर-भंडाऱ्यापासून बालाघाटपर्यंतचा सौसर खडकांचा पट्टा घडला. या पट्ट्यातील मँगेनीजयुक्त गार्नेट व क्वार्ट्झ यांच्या खडकाला भूवैज्ञानिक फर्मर यांनी १९०९ साली ‘गोंडाइट’ हे नाव दिले. खडकाला गोंडांचे नाव लाभले. खडकातील धनावर मात्र गोंडांचा अधिकार कधीच मान्य झाला नाही.

मँगेनीजवाचून पोलाद होत नाही. ते पोलादातील गंधक व प्राणवायूचा दोष काढून त्याला कणखर करते. रशिया-जपान युद्ध व १९०५ ची रशियन क्रांती यांमुळे कॉकेशसचा पुरवठा विस्कळीत झाला आणि मध्य प्रांतातील खनिजाला मागणी वाढली. ब्रिटिश भांडवलाने येथील डोंगर खणले. खनिज परदेशी गेले व त्यापासूनचा खरा नफाही तेथेच झाला.

स्वातंत्र्यानंतर, १९६२ साली, मँगेनीज ओअर इंडिया ही कंपनी स्थापन झाली. तीत सरकारांचा वाटा ५१ टक्के, तर जुन्या ब्रिटिश कंपनीचा ४९ टक्के होता. १९७७ साली तोही सरकारने घेतला. पुढे २०१० साली मात्र कंपनीचे २० टक्के भाग बाजारात विकले गेले.

मालकी बदलली, तरी मूळ प्रश्न उरतोच. धान विकणारा शेतकरी पुढल्या हंगामात पुन्हा रोवणी करतो. खनिज विकणारा ते एकदाच विकतो. म्हणून खनिजाचा पैसा हे उत्पन्न नसून भांडवलाची मोड आहे. त्यातून दुसरे टिकाऊ भांडवल उभे राहिले नाही, तर खाण संपताच खड्डा तेवढा मागे राहतो, आणि धुळीने खंगलेली फुप्फुसेही.

२०१५ च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान निर्माण केले. १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या पट्ट्यांबाबत स्वामित्वधनाच्या ३० टक्क्यांइतकी रक्कम त्यात जमा व्हावयाची असते. हा पैसा खाणग्रस्तांचा आहे. तो कोणाच्या मेहेरबानीचा नव्हे. तेव्हा त्याचा हिशेब ग्रामसभेपुढे वाचला जावा, पिण्याचे पाणी, श्वसनविकारांची तपासणी व शिक्षण यांवर तो प्रथम खर्च व्हावा, हा आग्रह कार्यकर्त्यांनी गावोगावी धरला पाहिजे. जमिनीतील धन एकाच पिढीने खर्चावयाचे असेल, तर त्याचा हिशेब पुढील पिढ्यांना देणे हे तिचे कर्तव्यच ठरते.