चुकीची किंमत कोण मोजतो?

(छत्रपती संभाजीनगर येथे रुग्णालयांतील साहाय्यक कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला तुम्ही वैद्यकीय सेवेतील कायदा आणि नीती या विषयावर बोलण्यास पाचारण केलेत, तेव्हा प्रथम मी संकोचलो. मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. परंतु श्रमाची विभागणी कशी होते, मोबदला कोणाला मिळतो आणि जबाबदारी कोणावर ढकलली जाते, हा तर आमच्याच शास्त्राचा विषय आहे. तुमच्यात परिचारिका आहेत, ब्रदर आहेत, ड्रेसर आणि तंत्रज्ञ आहेत, वॉर्डबॉय आणि मावशी आहेत. डॉक्टर रुग्णाजवळ काही मिनिटे असतो, उरलेला दिवस आणि सारी रात्र तुम्ही असता. म्हणून तुमच्या कामाचा कायदा आणि तुमच्या कामाची नीती यांचा विचार डॉक्टरांच्या विचाराला जोडलेली तळटीप म्हणून करता येणार नाही.

आरंभ याच शहरातील एका हकिकतीने करतो. १९६३ सालच्या जुलै महिन्यात येथील शासकीय रुग्णालयात एक बाई बाळंतपणासाठी दाखल झाल्या. बाळंतपणानंतर त्यांच्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. लगेच ताप चढला, पोटात असह्य वेदना सुरू झाल्या. काही दिवसांनी दुसऱ्या सर्जनने पोट पुन्हा उघडले, तेव्हा आत मॉप, म्हणजे रक्त टिपण्याचा टॉवेल, राहून गेल्याचे आढळले. पू साठला होता. बाई वाचल्या नाहीत.

कुटुंबाने शासनाविरुद्ध दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपयांची भरपाई मंजूर केली, उच्च न्यायालयाने शासनाला मोकळे केले, आणि अखेर १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती भरपाई पुन्हा कायम केली. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने हा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. मृत्यू आणि न्याय यांच्यामध्ये ३३ वर्षे गेली. दरम्यान रुपयाचे काय झाले, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

या निकालातून तुमच्या उपयोगाची दोन सूत्रे निघतात. पहिले असे की, रुग्णालय चालवणे हे राज्याचे सार्वभौम कार्य नव्हे. म्हणून सार्वभौमत्वाच्या आडोशाला दडून शासनाला भरपाई टाळता येत नाही. नोकराच्या हातून कामावर झालेल्या निष्काळजीपणाची दिवाणी जबाबदारी मालकावर येते, मग तो मालक शासन असो वा खाजगी संस्था. दुसरे असे की, पोटात टॉवेल राहणे ही घटना स्वतःच बोलते. तेथे निष्काळजीपणा झाला नाही, हे सिद्ध करण्याचे ओझे रुग्णालयावर जाते.

आता मला तुमच्याकडे वळायचे आहे. शस्त्रक्रियागृहात मॉप, सुया आणि हत्यारे मोजण्याचे काम बहुधा परिचारिकेचे आणि साहाय्यकाचे असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेच्या सुरक्षेसाठी एक तपासणीसूची प्रसृत केली. रुग्णाला शस्त्रक्रियागृहाबाहेर नेण्यापूर्वी परिचारिकेने मोजणी जुळल्याचे तोंडाने, सर्वांना ऐकू जाईल असे सांगावे, अशी तीत अट आहे. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या अटीत मोठा सामाजिक आशय आहे. 'मोजणी जुळत नाही, थांबा,' असे एखाद्या कंत्राटी परिचारिकेने नामांकित सर्जनला सांगायचे आहे. ज्या समाजात वरच्याला खालच्याने टोकणे हा उद्धटपणा मानला जातो, तेथे हे वाक्य उच्चारायला धैर्य लागते. परंतु तुमच्या व्यवसायातील नीतीचा गाभा त्या एका वाक्यात आहे. मुकाट्याने आज्ञा पाळणे म्हणजे नीती नव्हे. रुग्णाच्या हितासाठी बोलणे ही नीती होय.

योगायोग असा की, त्याच १९६३ साली केनेथ ॲरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा वैद्यकीय सेवेच्या अर्थकारणावरील प्रसिद्ध निबंध प्रकाशित झाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. भाजी घेणारा भाजी पारखू शकतो. रुग्णाला उपचार पारखता येत नाही. विकणाऱ्याला जे कळते ते घेणाऱ्याला कळत नाही. म्हणून या क्षेत्रात बाजाराचा नियम पुरा पडत नाही, तेथे विश्वासाची गरज लागते. मी यात एवढीच भर घालीन की, रुग्ण हा विश्वास मुख्यतः तुमच्या चेहऱ्याकडे पाहून ठेवतो.

या विश्वासातून तुमची चार कर्तव्ये निघतात.

पहिले कर्तव्य आपली मर्यादा ओळखण्याचे. ज्याचे शिक्षण नाही, ते काम करू नये. स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या खटल्यात परिचारिकेने एका लहान मुलाला शिरेतून इंजेक्शन दिले, त्याचे हृदय बंद पडले आणि मेंदूला कायमची इजा झाली. त्या परिचारिकेची पात्रता पुरेशी नव्हती. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांच्या यातनांसाठी पाच लाख रुपयांची भरपाई कायम केली. अपात्र माणसे कमी पगारावर नेमून नफा वाढवणे हे आपल्या शहरांतून सर्रास चालते. वॉर्डबॉयला टाके घालायला लावणारा मालक त्याच्यावर विश्वास टाकीत नसतो, त्याला संकटात लोटत असतो.

दुसरे कर्तव्य संमतीचे. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेला पुरत नाही, आणि रुग्णाला उपचार, धोका व पर्याय समजले पाहिजेत. प्रत्यक्षात काय घडते? काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही एका रुग्णालयात नेले होते. रात्री अकराच्या सुमारास एक मुलगा इंग्रजी छापील कागद घेऊन आला आणि म्हणाला, "आजोबा, इथं सही करा." मी विचारले, "कशाबद्दल आहे?" तो म्हणाला, "काही नाही, सगळेच करतात." आणि मी, जन्मभर विद्यार्थ्यांना वाचल्याशिवाय मत देऊ नका असे सांगणारा मी, निमूट सही केली. दोष त्या मुलाचा कमीच होता; त्याला एवढेच सांगून धाडले होते. परंतु थोड्या वेळाने एक मावशी आल्या. बहिणीला कुशीवर वळवण्यापूर्वी त्या म्हणाल्या, "आक्का, वळवू का? थोडं दुखंल." संमतीचा अर्थ त्या रात्री मला कागदाने शिकवला नाही, त्या मावशींनी शिकवला. अंगठा घेणे आणि संमती घेणे या भिन्न गोष्टी आहेत. रुग्णाला समजले नसेल, तर कागद पुढे न सरकवता डॉक्टरांना परत बोलावणे हे तुमचे काम आहे.

तिसरे कर्तव्य गुप्ततेचे. गावात, मोहल्ल्यात एक शब्द बाहेर पडला की मुलीचे लग्न मोडते, माणसाचे काम जाते. २०१७ च्या एच.आय.व्ही.विषयक कायद्यानुसार, विश्वासाने कळलेली अशी माहिती रुग्णाच्या संमतीवाचून उघड करण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. परंतु हाच कायदा तुम्हाला हक्कही देतो. संसर्गाची शक्यता असलेल्या कामावरील प्रत्येकाला हातमोजे इत्यादी संरक्षणाची साधने, त्यांचे प्रशिक्षण आणि सुई टोचल्यास प्रतिबंधक औषध देणे संस्थेवर बंधनकारक आहे. रुग्णाच्या खाटेवर लाल खूण लावणे हा गुन्हेगारी अडाणीपणा होय. सर्वांच्या बाबतीत सारखी काळजी घेणे हाच योग्य मार्ग आहे, आणि त्यासाठी हातमोजे मागणे हा तुमचा अधिकार आहे.

चौथे कर्तव्य खऱ्या नोंदीचे. औषध दिले तेव्हाच लिहा, वेळ घाला, सही करा. मागाहून कोरा रकाना भरू नका. कोणी भरायला सांगितले तर नकार द्या. सिलिंडर रिकामा असेल, मॉनिटर बंद असेल, एका पाळीत माणसाच्या आवाक्याबाहेरचे रुग्ण असतील, तर वरिष्ठांना लेखी कळवा आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा. ही किरकोळ सूचना नव्हे. आपत्ती कोसळते, तेव्हा तो कागद हाच तुमचा साक्षीदार असतो.

कारण आपत्तीनंतर काय होते, हे आपण पाहिले आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागून १० अर्भके दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून किमान ११ रुग्ण मरण पावले. भंडाऱ्यात पुढे परिचारिकांवर गुन्हा नोंदला गेला. नगरला एका वैद्यकीय अधिकाऱ्याबरोबर तीन परिचारिकांना अटक झाली. कोणाची चूक झाली असेल तर तिची चौकशी व्हावी, यात वाद नाही. परंतु विजेच्या जोडण्या तपासणे, आग विझवण्याची यंत्रणा मंजूर करणे, तिच्यासाठी पैसा देणे ही कामे पाळीवरच्या परिचारिकेची नसतात. चौकशीची शिडी खालच्या पायरीपासून चढायला सुरुवात होते आणि बहुधा मधल्या पायरीवर थांबते.

आणि आता कायद्यानेच या शिडीला आधार दिला आहे. जुन्या दंडसंहितेच्या ३०४-अ कलमात निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूला सर्वांसाठी सारखीच, दोन वर्षांपर्यंतची शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) मध्ये ती पाच वर्षांपर्यंत वाढवली गेली. मात्र नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना असे घडल्यास ती दोन वर्षांपर्यंतच राहिली. 'नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक' म्हणजे ज्याचे नाव राष्ट्रीय अथवा राज्याच्या वैद्यक नोंदवहीत आहे तो. परिचारिकेची नोंद परिचर्या परिषदेत असते. ती या व्याख्येत बसत नाही. तंत्रज्ञ आणि वॉर्डबॉय तर नाहीतच.

याचा अर्थ नीट समजून घ्या. एकाच टेबलाभोवती, एकाच शस्त्रक्रियेत, एकाच चुकीसाठी डॉक्टरला कमाल दोन वर्षे आणि त्याच्या सांगण्यावरून काम करणाऱ्या परिचारिकेला कमाल पाच वर्षे. ज्याचे ज्ञान अधिक, अधिकार अधिक, उत्पन्न अधिक, त्याची शिक्षा कमी! जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना फौजदारी कारवाईपासून जे संरक्षण दिले, त्याचे कारण योग्यच होते: भीतीने थरथरणारा हात उपचार करू शकत नाही. पण परिचारिकेचा हात थरथरत नाही काय? गंमत अशी की, २०१० च्या हल्लाप्रतिबंधक कायद्यात महाराष्ट्राच्या विधिमंडळाने डॉक्टर, परिचारिका आणि निमवैद्यकीय कर्मचारी यांना एकाच रांगेत बसवले आहे. मार खाताना तुम्ही वैद्यकीय सेवेचे घटक. चूक होताच परके.

डॉक्टरांविरुद्ध तुम्हाला भडकवण्यासाठी मी हे सांगत नाही. सरकारी रुग्णालयातील निवासी डॉक्टरही तुमच्याइतकाच राबवला जातो. भांडण आहे ते जबाबदारी खाली आणि अधिकार वर ठेवणाऱ्या व्यवस्थेशी. तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. कलम १०६(१) मधील सवलत परिचारिका आणि पात्र साहाय्यकांना मिळावी. कायम स्वरूपाच्या कामावर कंत्राटी नेमणूक बंद व्हावी. वाढीव रुग्णसंख्येची लेखी तक्रार करणाऱ्याला शिक्षा होऊ नये. खाजगी क्षेत्रातील परिचारिकांना किमान २०,००० रुपये मासिक वेतन मिळावे, अशी शिफारस सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने केली होती. तिची अंमलबजावणी व्हावी.

परंतु मागणी करणाऱ्याचे हात स्वच्छ असावे लागतात. लेकरू दाखवण्यासाठी बाळंतिणीच्या घरच्यांकडून पैसे घेणारा हात उद्या मोर्चात उंचावला, तर लोक त्याला साथ देणार नाहीत. रुग्णांची संघटना नसते. तेच तुमचे स्वाभाविक सोबती आहेत. त्यांचा हक्क तुम्ही राखलात, तर तुमच्या हक्कासाठी ते उभे राहतील.

१९६३ साली या शहरातील एक बाई एका टॉवेलामुळे गेली. आज रात्री तुमच्यापैकी कोणी शस्त्रक्रियागृहात असेल. मोजणी जुळली नाही तर मोठ्याने बोला. ते बोलल्याबद्दल तुमच्यापैकी कोणाची नोकरी जाणार नाही, हे पाहणे आपणा सर्वांचे काम आहे.