आइसलँडमधील हंसकुटुंब

कविसृष्टींतील हंस मोती वेंचतो. आइसलँडचा पिवळ्या चोचीचा रानहंस पाणवनस्पतींवर गुजराण करतो, आणि त्याच्या संसारास ऋतूची मोठी घाई असते. मे महिन्यांत मादी तळ्याकांठीं चार-पांच अंडीं घालते. ती उबवीत असतां नर पहारा करतो. सुमारें ३५ दिवसांनीं करडीं पिलें बाहेर पडून लगेच पोहूं लागतात. उडण्यास मात्र आणखी जवळजवळ तीन महिने! त्याच काळांत आईबापांचींहि उडण्याचीं पिसें गळून कांहीं आठवडे त्यांनाहि झेप घेतां येत नाहीं. उशिरां जन्मलेल्या पिलाचा हिशेब येथेंच चुकतो. तळें गोठण्यापूर्वीं पंखांत बळ आलें नाहीं, तर त्याची सुटका कठीण. जीं उडतात, तीं शरदांत मातापित्यांसह सुमारें ८०० किलोमीटर समुद्र ओलांडून स्कॉटलंड-आयर्लंडकडे उतरतात आणि पहिला हिवाळा त्यांच्याजवळच काढतात.