विजेचा स्वर आणि मिरजेचा तंबोरा

एका मेजावर चारदोन यंत्रें, त्यांना जोडणाऱ्या तारांचें जाळें, दिवाणखान्याच्या चारी कोपऱ्यांत ध्वनिक्षेपक, आणि वादकाच्या हातीं वाद्य म्हणून कांहींच नाहीं. दिवे मंद होतात आणि एक स्वर लागतो. तो पाव तास तसाच राहतो, अर्धा तासहि राहतो. विद्युत्संगीताच्या प्रयोगाचें असें वर्णन ऐकलें म्हणजे कोल्हापुरांतील जुना रसिक मिस्किलपणें म्हणतो, "तंबोरे जुळले असतील तर आतां गाणें सुरू करा म्हणावें!" श्रोतेहो, ही थट्टा आहे खरी, परंतु या संगीताच्या एका महत्त्वाच्या शाखेचें मूळ तींत नेमकें सांपडतें.

शाखा पुष्कळ आहेत. ५ ऑक्टोबर १९४८ रोजीं पिएर शेफेर यांनीं पॅरिसच्या नभोवाणीवरून आगगाडीच्या आवाजांच्या ध्वनिमुद्रणांतून रचलेली कृति ऐकविली. जगांतील कोणताहि आवाज रचनेचें द्रव्य होऊं शकतो, हा विचार तेथून जोरानें पसरला. आपल्याकडे १९६९ सालीं अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन कलावंतानें मूग नांवाचें स्वरयंत्र बसवून दिलें आणि गीता साराभाई प्रभृति मंडळींनीं त्यावर ध्वनिफिती तयार केल्या. त्या कित्येक वर्षें संग्रहांत पडून होत्या. निवडक रचना प्रसिद्ध व्हावयास २०२३ साल उजाडावें लागलें.

परंतु कोल्हापूरकरांना जवळची शाखा अहमदाबादची नव्हे; ती न्यूयॉर्कची. तेथील रचनाकार ला माँट यंग यांना अली अकबरखां यांच्या एका ध्वनिमुद्रिकेंतील तंबोऱ्यानें तरुणपणींच वेड लाविलें होतें. पुढें विजेच्या आंदोलकांतून निघणारे निर्भेळ स्वर ठराविक गुणोत्तरांत लावून ते तासन् तास चालूं ठेवूं लागले. १९७० सालीं पंडित प्राणनाथ अमेरिकेस गेले, तेव्हां यंग त्यांचे शिष्य झाले. प्राणनाथ किराणा घराण्याचे. त्यांचे गुरु अब्दुल वहीदखां. आणि हे वहीदखां लहानपणीं विद्येसाठीं आले होते कोल्हापुरास, लंगडे हैदरबक्ष यांच्यापाशीं! त्यांचे नातलग अब्दुल करीमखां यांनीं तर मिरजेसच घर केलें. १९३७ सालीं त्यांचें देहावसान झाल्यावर मिरजेच्या दर्ग्यांतच त्यांचें दफन झालें. न्यूयॉर्कच्या त्या यंत्रांच्या खोलींतून निघालेला धागा असा पंचगंगेच्या कांठीं येऊन पोंचतो.

धागा केवळ गुरुशिष्यांचा असता तर तो योगायोग म्हणून सोडून देतां आला असता. तो ऐकण्याच्या रीतीचाहि आहे. तंबोऱ्याच्या चार तारा: पहिली बहुधा पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, शेवटची खर्जाची. खर्जाची तार सेकंदास १२० कंपनें करीत असेल, तर तिच्याच पोटांत २४०, ३६०, ४८० आणि ६०० कंपनांचे स्वर दडलेले असतात. पैकीं ६०० चा स्वर म्हणजे वरचा गंधार. तो कोणीं छेडलेला नसतो, तरी जुळलेल्या तंबोऱ्यांतून तो आपोआप बोलूं लागतो. पेटीच्या समान पट्ट्यांवर हाच गंधार सुमारें ६०५ वर बसतो. दोन्ही एकत्र वाजले तर सेकंदास जवळजवळ पांच हेलकावे. पेटीवरील आक्षेपाचें मर्म हें आहे. सांगलीचे देवल व न्यायाधीश क्लेमेंट्स यांनीं करीमखांच्या साह्यानें श्रुतींच्या पेटीचा जो खटाटोप केला, तो याच फरकापायीं.

तंबोऱ्याचें हें बोलणें घोडीच्या उतरत्या माथ्यावर आणि तारेखालच्या बारीक दोऱ्यावर अवलंबून असतें. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं दाखविलें कीं, तार ज्या जागीं छेडली त्या जागेमुळें जे उपस्वर उमटूंच नयेत, तेहि तंबोऱ्यांत स्पष्ट ऐकूं येतात. यंग यांच्या खोलींत याच जातीचा अनुभव येतो. यंत्र तेंच, स्वर तेच, पण श्रोत्यानें मान किंचित् वळविली कीं निराळाच उपस्वर पुढें येतो. ऐकणारा स्वस्थ बसला तर संगीत स्वस्थ. तो चालूं लागला कीं तेंहि चालूं लागतें.

आतां आपल्याकडील विजेची गोष्ट. बंगळूरचे अभियंते व बासरीवादक जी. राजनारायण यांनीं १९७९ च्या सुमारास विजेचा तंबोरा सिद्ध केला. त्या डबीनें विद्यार्थ्यांची मोठी सोय केली, यांत शंका नाहीं. आगगाडीच्या प्रवासांत भोपळा फुटण्याचें भय ज्यानें अनुभवलें असेल, तो तिला नांवें ठेवणार नाहीं. परंतु डबीचें आवर्तन दर वेळीं तेंच तें. बोटाचा दाब बदलत नाहीं, हवेच्या ओलाव्यानें तार उतरत नाहीं. त्यामुळें गायकाला पुन्हां कान देऊन जुळवावें लागत नाहीं. तिकडे विजेनें कान जागे केले, इकडे विजेनें त्यांना विसांवा दिला! हा दोष विजेचा नव्हे, आपल्या आळसाचा आहे.

आणि त्याची किंमत मिरजेस मोजावी लागते. शिकलगारांच्या वंशांतून आलेले तेथील कारागीर पंढरपुराकडील भोपळा निवडतात, तुणाचें लाकूड कोरतात, आणि घोडी कानसीनें घाशीत कानानेंच जवारी काढतात. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें, ही समाधानाची गोष्ट. पण मानांकनानें गिऱ्हाईक येत नाहीं. घरोघरीं डबी वाजत असेल तर त्या मुलाला दोरा सरकवून जवारी खुलविणें कोण शिकविणार?

देवल क्लबासारख्या ठिकाणीं विद्युत्संगीताची एक संध्याकाळ खुशाल व्हावी. मिरजेचे चार तंबोरे मांडावे, प्रत्येकाच्या घोडीजवळ ध्वनिग्राहक ठेवावा, आणि दिवाणखान्याच्या चार कोपऱ्यांतून चार तंबोरे वेगवेगळे ऐकूं येऊं द्यावे. त्यांत आंदोलकाचा एखादा निर्भेळ षड्ज हलकेंच मिसळावा. श्रोत्यांस उठून फिरावयास मोकळीक असावी. पहिला अर्धा तास गायकानें गाऊं नये. त्यानेंहि श्रोत्यांबरोबर फिरून गंधार कोणत्या कोपऱ्यांत अधिक बोलतो तें पाहावें.