आपल्याकडे येणारा रस्ता
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फर्मावलं आहे की, "तू इंटरनेटमध्ये नेमकं काय करतोस ते एकदा सगळ्यांना कळू दे." माझी आई गेली कित्येक वर्षं शेजारी "तो कॉम्प्युटरमध्ये असतो" एवढंच सांगते. बिल्डिंगमध्ये कोणाचंही वायफाय बंद पडलं की बोलावणं मला येतं, आणि ते मला हमखास दुरुस्त करता येत नाही. कारण माझं काम घरातल्या त्या डबीचं नाही. एका कंपनीचं नेटवर्क दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कला भेटतं तिथल्या राउटरचं आहे. त्या राउटरसमोर एकाच ठिकाणी जायचे चार रस्ते असतात. त्यातला कुठला धरायचा, एवढाच प्रश्न.

आता तुम्ही म्हणाल, जवळचा धरायचा. मीही तेच म्हणत होतो.

आठवून बघा. स्टेशनच्या अलीकडे राहणारे आपण सगळे सरळ रस्त्याने शाळेत यायचो. एक जण मात्र मागच्या गल्लीतून, दुप्पट चालून यायचा. पुष्कळ दिवसांनी कळलं की त्या गल्लीत त्याच्या मावशीचं दुकान होतं आणि रोज एक पेप्सीकोला फुकट मिळायचा. अंतर जास्त, पण रस्ता फायद्याचा. आमच्या भाषेत याला लोकल प्रेफरन्स म्हणतात, थोडक्यात एलपी. हो, हसा. नेरूळकराला एलपी म्हटलं की सायन-पनवेल हायवेवरचा थांबाच आठवणार. मलाही तोच आठवला होता, आणि ते मला महागात पडलं. ते पुढे सांगतो.

इंटरनेट म्हणजे एक जाळं नव्हे. जगभरात ७० हजारांहून जास्त वेगवेगळी नेटवर्कं आहेत, प्रत्येकाचा कारभार वेगळा आणि प्रत्येकाला एक नंबर. आपल्याकडच्या जुन्या व्हीएसएनएलचा, आताच्या टाटा कम्युनिकेशन्सचा, ४७५५, बीएसएनएलचा ९८२९, एअरटेलचा ९४९८, जिओचा ५५८३६. ही नेटवर्कं एकमेकांना सांगत असतात की अमुक पत्त्यांपर्यंत माझ्यातून जाता येईल. या सांगण्याची जी रीत आहे तिला बीजीपी म्हणतात. जानेवारी १९८९ मध्ये ऑस्टिनला एका बैठकीत, जेवणाच्या सुट्टीत, सिस्कोचे कर्क लॉहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्टर यांनी तिचा पहिला आराखडा कागदी नॅपकिनवर काढला. पुढे तिच्या सुधारून आवृत्त्या निघाल्या, पण घराणं तेच. आज तुम्ही फोनवरून पैसे पाठवता त्यामागेही तीच आहे.

राउटर पहिल्यांदा बघतो तो पत्ता किती नेमका आहे ते. पोस्टाच्या थैलीवर एकीकडे "नवी मुंबई" लिहिलंय आणि दुसरीकडे "नेरूळ ४००७०६", तर नेरूळचं पत्र दुसऱ्या थैलीत जाणार. याला अपवाद नाही. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तानात यूट्यूब बंद करण्याच्या खटपटीत तिथल्या एका दूरसंचार कंपनीने यूट्यूबच्या पत्त्यांचा एक बारीक तुकडा "माझ्याकडे आहे" असं जाहीर केलं. ते देशाबाहेर पसरलं. यूट्यूबची स्वतःची थैली मोठी होती, ही नेमकी. सुमारे दोन तास जगभरातून लोक यूट्यूबसाठी पाकिस्तानात जाऊन आदळत होते. पाटी कोणी लावली, हे राउटर तेव्हा विचारत नसे.

पत्ता तितकाच नेमका असलेले दोन रस्ते समोर आले, की मग आवडनिवड सुरू होते. पहिला मान एलपीचा. ज्याचा आकडा मोठा तो जिंकला, बाकी काही बघायचं नाही. हा आकडा प्रत्येक नेटवर्क स्वतःच्या घरात ठरवतं आणि बाहेर कोणाला सांगत नाही. ठरवताना बहुतेक जण खिसा बघतात. जो आपल्याला पैसे देतो त्या ग्राहकाकडून जाणारा रस्ता सर्वांत वर, ज्याच्याशी फुकट देवाणघेवाण आहे तो मधे, आणि ज्याला आपण पैसे मोजतो तो खाली. मावशीचं दुकान पहिलं.

एलपी सारखा निघाला तरच रस्त्याची लांबी. तीही किलोमीटरमध्ये नाही. नेरूळहून दादरला जाताना आपण स्थानकं मोजत नाही, गाड्या किती बदलाव्या लागतील ते मोजतो; तसं राउटर मधे किती नेटवर्कं लागतात तेवढंच मोजतो. एका नेटवर्कातून अर्धी पृथ्वी फिरून आलात तरी ते एकच. त्यातही बरोबरी झाली तर आणखी पाचसहा बारीक नियम आहेत. त्यांतला एकच सांगतो : आपल्या हद्दीतून जे दार सगळ्यात जवळ, तिथून माल बाहेर ढकलायचा, पुढचं पुढचा बघेल. गृहिणींना कचऱ्याच्या बाबतीत हा नियम वेगळा समजावून सांगायला नको.

या सगळ्याचा परिणाम असा की शेजारच्या घरी जायला परदेशातून जावं लागू शकतं. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढे खासगी कंपन्या आल्या, पण त्यांची आपसांत गाठ नसे. नेरूळच्या एका कंपनीच्या ग्राहकाने वाशीच्या दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला पाठवलेली मेल समुद्राखालून परदेशात जाऊन परत यायची. म्हणून २००३ मध्ये निक्सी ही देशातल्या देशात अदलाबदल करणारी संस्था उभी राहिली, आणि तिच्या पहिल्या काही केंद्रांत मुंबईचं होतं. पण केंद्र उभं राहिलं म्हणून भागत नाही. तिथे येऊन आपले पत्ते जाहीर करावे लागतात, आणि समोरच्याने त्या रस्त्याला वरचा आकडा द्यावा लागतो.

आता माझी गोष्ट. २००८ च्या पावसाळ्यात मी नवी मुंबईतल्या एका छोट्या कंपनीत होतो. परदेशातल्या रुग्णालयांत तिकडच्या रात्री काढलेले सीटी स्कॅन आमच्याकडे येत, आपले डॉक्टर ते बघून अहवाल पाठवत. आमच्याकडे दोन लाइनी होत्या. एक जाड, रोजची. दुसरी दोन एमबीपीएसची, अडीअडचणीला ठेवलेली. एके दिवशी एका रुग्णालयाचे स्कॅन त्या बारीक लाइनीवरून येऊ लागले. जाड लाइन मोकळी पडलेली.

मी पुस्तकातला उपाय केला. बारीक लाइनीकडे पत्ते जाहीर करताना आमचाच नंबर मागेपुढे तीनदा लिहिला, म्हणजे तो रस्ता लांब दिसेल. फरक नाही. पाचदा लिहिला. दहादा लिहिला. परीक्षेत उत्तर येत नसलं की आपण तेच वाक्य फिरवून फिरवून पान भरायचो, तसं.

मग बारीक लाइनवाल्या कंपनीला फोन लावला. रात्रपाळीचा इंजिनियर म्हणाला, "सर, तुम्ही कितीही वेळा लिहा. आमच्याकडे तुमचा एलपीच वर आहे." त्या रात्री माझ्या डोक्यात आलं काय, तर हायवेवरचा थांबा. मी म्हटलं, "वर आहे म्हणजे? पुलावर?" तो बिचारा गप्प झाला. त्याने पुन्हा शांतपणे सांगितलं, "कम्युनिटी लावा, सर." मला वाटलं, हा आपली चूक माझ्यावर ढकलतोय. एलपी ही माझ्या राउटरवर माझे जाणारे रस्ते ठरवायची गोष्ट. समोरच्याचाही एलपी असतो आणि माझ्याकडे येणारा रस्ता तो ठरवतो, हे माझ्या गावीच नव्हतं. मी त्याच्या वरिष्ठांना मेल टाकली : तुमचा माणूस सहकार्य करत नाही.

दुसऱ्या रात्री डोक्याला मार लागलेल्या एका पेशंटचा स्कॅन यायला लागला. एरवी दोन-तीन मिनिटांत यायचा. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. डॉक्टर मॅडम पडद्यासमोर उभ्या. कवटीच्या वरच्या चकत्या आल्या होत्या, खालच्या यायच्या होत्या. त्यांनी मला एक शब्द बोलला नाही. फोन उचलून तिकडे सांगितलं, "आमची वाट बघू नका, तुमच्या माणसाला झोपेतून उठवा." त्या पेशंटचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही, खरं तर धीर झाला नाही.

पहाटे मी कराराच्या वेळी आलेलं त्या कंपनीचं माहितीपत्रक उघडलं. सही केली तेव्हा चाळलंही नव्हतं. आत एक तक्ता होता. आपल्या जाहीर केलेल्या पत्त्याला अमुक आकड्याची चिठ्ठी लावा, आम्ही तुमचा एलपी सगळ्यांच्या खाली नेऊ. हीच कम्युनिटी. ही सोय १९९६ पासून लिखित स्वरूपात आहे. येणारा रस्ता मला ठरवता येत नव्हता. विनंती करता येत होती, आणि समोरच्याने ती ऐकायचं आधीच कबूल केलं होतं. पत्त्यांचे आणखी बारीक तुकडे करून जाड लाइनीवर जाहीर करावेत, तर आमच्याकडे २५६ पत्त्यांचा एकच गठ्ठा. त्याहून लहान तुकडा बाहेर सहसा कोणी घेत नाही.

चिठ्ठी लावली. तरीही स्कॅन बारीक लाइनीवरूनच!

लाज गिळून पुन्हा फोन केला. नशिबाने तोच होता. म्हणाला, "सर, आमच्या वरच्या कंपनीला सध्या आमच्यामार्फतच तुमचा रस्ता माहीत आहे. त्यामुळे तिच्याकडून दुसरा रस्ता आमच्यापर्यंत येतच नाही. आमच्या राउटरला निवडायला एकच आहे, तो खाली नेला तरी तोच घेणार. तुम्ही आमचं सेशन पाच मिनिटं बंद करा. ते तुमच्या जाड लाइनीचा रस्ता शिकतील, आम्हाला शिकवतील. मग चालू करा." मी बंद केलं. घड्याळ लावून पाच मिनिटं बसलो. चालू केलं. पुढचा स्कॅन जाड लाइनीवरून, अडीच मिनिटांत.

मी त्याला म्हटलं, "परवाची मेल मी मागे घेतो. तुमच्या साहेबांना तसं लिहितो." तो म्हणाला, "लिहा सर, बरं होईल. त्यांनी मला कालच बोलावून घेतलं होतं." मग थोडं थांबून त्याने विचारलं, "सर, तो पूल कुठला म्हणत होतात तुम्ही?"

मी सांगितलं. तो घणसोलीचा निघाला. हायवेच्या बाजूला त्याचं कधी येणं होत नसे.