वाडी नकाशावर कोठे आहे?



१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाचा उतार खचला आणि इर्शाळवाडी ही ठाकर बांधवांची वाडी दगडमातीखाली गडप झाली. २७ देह हाती लागले. ५७ माणसे मिळालीच नाहीत. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नावच नव्हते, असे शासनानेच नंतर सांगितले. आपणांस विचार करावयाचा आहे तो या न लिहिलेल्या नावाचा.

डोंगर लहर म्हणून कोसळत नाही. सह्याद्री लाव्हारसाच्या थरांवर थर साचून बनला. काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये पुष्कळ ठिकाणी तांबड्या चिकण मातीचा पट्टा असतो आणि उतारावर मुरूम व माती साठलेली असते. अतिवृष्टीचे पाणी मुरमातून खाली झिरपते, कातळापाशी अगर त्या पट्ट्यापाशी अडते, आणि वरची भिजून जड झालेली माती घसरते. माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी दीडशेहून अधिक माणसे मातीखाली गेली. जमिनीला भेगा पडणे, झाडे कलणे, नवा झरा फुटणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, ही सर्व पूर्वचिन्हे होत.

मग नकाशे नाहीत काय? आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १ : ५०,००० या प्रमाणावर दरडींचे नकाशे तयार केले आहेत. परंतु त्यांत कागदावरील एक सेंटीमीटर म्हणजे भूमीवरील अर्धा किलोमीटर. शंभर मीटर लांबीची वाडी दोन मिलिमीटरांत संपते! तालुक्याच्या कामी तो नकाशा उपयोगी आहे. घर कोठे बांधावे हे तो सांगू शकत नाही. त्यासाठी १ : ५,००० सारखे मोठे प्रमाण हवे, आणि पाहणीच्या वेळी भूवैज्ञानिकाबरोबर वाडीतील गुराखी व पाणी भरणाऱ्या स्त्रिया चालल्या पाहिजेत. कोणता झरा केव्हा फुटतो हे त्यांनाच ठाऊक.

कोणी म्हणेल, धोका होता तर हे लोक तेथे राहिलेच कशाला? ज्याच्या नावावर सपाट जमिनीचा सातबारा आहे त्याने हा प्रश्न विचारू नये. पर्यायी जागा न देता दर पावसाळ्यात स्थलांतराची नोटीस बजावणे याला नियोजन म्हणता येत नाही. म्हणून ग्रामसभेने नकाशाची मागणी करताना त्याच ठरावात, पुनर्वसनास योग्य वाटणाऱ्या सरकारी जमिनीचा गट क्रमांकही लिहावा आणि तिचीही भूवैज्ञानिक तपासणी मागावी. भेगांच्या व झऱ्यांच्या नोंदी पावसाळ्यात ठेवाव्यात. मोजणी मात्र मृग लागण्यापूर्वी उरकावी, कारण त्यानंतर उतारावर साखळी धरून उभे राहणेही कठीण होते.