नारूचा पाठ



परीक्षेत स्वच्छतेचे नियम बिनचूक लिहिणारा विद्यार्थी मधल्या सुट्टीत बोटांसकट पेला माठात बुडवितो. पाठांतराने सवय लागत नाही. वर्गात नारूची हकिकत सांगावी. या रोगावर ना लस होती, ना गुणकारी औषध. रोगी पायऱ्यांच्या विहिरीत उतरे. फोडातून नारूची पिले पाण्यात पडत, डोळ्यांना जेमतेम दिसणारे सायक्लोप्स ती गिळीत, आणि तेच पाणी गाव पिई. फडक्याने पाणी गाळणे, अशा विहिरी बंद करणे, रोग्याला पाण्यात उतरू न देणे, मुख्यत्वे एवढ्यावर रोग हटला. जुलै १९९६ नंतर भारतात त्याचा रुग्ण आढळलेला नाही.

डबक्यातील पाणी काचेच्या पेल्यात उजेडाकडे धरून, मग गाळून मुलांना दाखवावे. मात्र गाळल्याने विषमज्वराचे जंतू जात नाहीत, त्यासाठी पाणी उकळावे लागते, हेही त्याच तासाला सांगावे.