होट्टलचं सिद्धेश्वर मंदिर

नांदेड जिल्ह्यात नायगावहून नरसीमार्गे देगलूरकडे गेलात, तर होट्टलला जरूर वळा. अकराव्या-बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांच्या राजवटीत हे गाव भरभराटीला आलं होतं. त्या राजवटीची राजधानी म्हणजे आजचं कर्नाटकातलं बसवकल्याण. म्हणूनच इथले शिलालेख संस्कृतबरोबर कन्नडमध्येही आहेत. आपल्या या सीमाभागाचं खरं वैभव मला त्यातच दिसतं.

सिद्धेश्वर मंदिराच्या बाहेरच्या भिंतीजवळ थोडं थांबा. तिथे कोरलेल्या सुरसुंदरींच्या, म्हणजे अप्सरांच्या, कमरेचा बाक, गळ्यातले हार, पायातले दागिने पाहा. कठीण दगड कारागिरानं किती मऊ करून टाकलाय! त्या काळी देवळं बांधताना चुना वापरत नसत. घडीव दगड एकमेकांत नीट बसवायचे, वरच्या वजनानं खालचे घट्ट राहायचे. मात्र पाया खचला किंवा सांध्यात झाडाची मुळं शिरली, की अख्खी भिंत सरकते. म्हणून भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप लहान असतानाच काढायला हवं.

गावात इतर देवळांचेही अवशेष आहेत. त्यांच्या कोरीव दगडांवर कृपा करून ऑइलपेंट फासू नका. रंगाखाली बारीक कोरीवकाम बुजतं आणि शिलालेखाची अक्षरंही वाचता येत नाहीत.